गादीवरील शिक्के आणि त्यांचा अर्थ



मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा अंथरुणावर घालवितो ही गोष्ट आपण सर्व जाणतों. परंतु ज्या गादीवर हा काळ जातो तिच्या पोटांत काय भरलें आहे याची चौकशी आपण क्वचितच करतों. भाजी घेतांना आपण वांगें उलटेंपालटें करून पाहतों, तांदूळ घेतांना दाणा दातांखालीं धरून पाहतों. गादी मात्र आजकाल प्लॅस्टिकच्या वेष्टनांत गुंडाळलेली, दाबून सपाट केलेली, अशी दारांत येऊन पडते. ती उसवून पाहण्याची सोय नाहीं. तिच्यावर असतात ते शिक्के. कोणी म्हणतो ‘सेंद्रिय’, कोणी ‘विषमुक्त’, कोणी ‘शंभर टक्के नैसर्गिक’. एखाद्या पानाचें किंवा निजलेल्या बाळाचें चित्र असतें, आणि खालीं बारीक अक्षरांत एक आंकडा असतो. या शिक्क्यांपैकीं कोणता काय सांगतो, आणि विशेषतः काय सांगत नाहीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूस ज्यांचें बालपण गेलें त्यांना पिंजारी आठवत असेल. दिवाळी जवळ आली किंवा घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे खांद्यावर धनुकली टाकून तो आळींतून जाई, आणि तिच्या तांतेचा टणत्कार ऐकून बायका त्याला हांक मारीत. जुनी गादी अंगणांत उसवली जाई, गोळे झालेला कापूस पिंजून निघे, आणि घरची आजी शेजारीं पाट टाकून बसे. कापसांत सरकी किती, कवडी किती, नव्यांत जुना किती मिसळला, हें सर्व तिच्या डोळ्यांदेखत होई. आजीची नजर हेंच त्या काळचें प्रमाणपत्र होतें.

मात्र त्या काळाचें फाजील कौतुक करण्याचें कारण नाहीं. आजीला सरकी दिसे. शेतांत फवारलेलें औषध दिसत नसे, आणि खोळीच्या कापडाला दिलेल्या रंगांत काय होतें तेंही दिसत नसे. जें डोळ्यांना दिसत नाहीं तें तपासण्यासाठीं प्रयोगशाळा लागते, आणि प्रयोगशाळेनें काय पाहिलें हें दुकानांतल्या गिऱ्हाइकापर्यंत पोंचविण्यासाठीं शिक्का लागतो. शिक्क्याची गरज खरी आहे. घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणीं. एका प्रश्नाचें उत्तर देणारा शिक्का आपण दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर म्हणून वाचतों, आणि त्या चुकीच्या वाचनाचे पैसे मोजतों.

कांहीं महिन्यांपूर्वी आमच्या शेजारच्या घरीं बाळंतपण व्हावयाचें होतें. त्या घरची सून मला म्हणाली, “गुरुजी, बाळासाठीं गादी घ्यायची आहे. मोबाइलवर वाचून वाचून डोकें फिरायची वेळ आली. तुम्ही प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारीत बसतां, तर आज माझ्याबरोबर चला.” आम्ही कल्याणांतील एका दुकानांत गेलों. दुकानाचें नांव सांगण्याची जरूर नाहीं. दुकानदार माणूस भला होता आणि त्यानें आम्हांला घाई केली नाहीं. त्यानें दोन गाद्या पुढें ठेवल्या. एक साधी, चौदाशें रुपयांची. दुसरी ‘ऑरगॅनिक’, एकोणचाळीसशेंची, आणि तिच्यावर चार शिक्के. “आजोबा, चार चार शिक्के आहेत, आणखी काय पाहिजे?” असें तो म्हणाला. आम्ही चारही एकेक करून वाचावयास घेतले. जें वाचलें तें समजण्यासाठीं आधीं थोडी पार्श्वभूमि सांगितली पाहिजे.

‘सेंद्रिय’ हा शब्द मूळचा शेतांतला आहे. शाळेंत रसायनशास्त्र शिकलेल्यांनीं येथें जरा सावध असावें. त्या शास्त्रांत कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात, आणि त्या हिशेबानें घासलेटही सेंद्रियच ठरेल! बाजारांतील अर्थ तो नव्हे. सेंद्रिय कापूस म्हणजे रासायनिक खतें व कृत्रिम कीटकनाशकें न वापरतां, आणि जनुकीय फेरफार न केलेलें बीं पेरून काढलेला कापूस. ही शेवटची अट आपल्या देशांत फार जड आहे. बी.टी. कापसाला भारतांत २००२ सालीं परवानगी मिळाली आणि आज देशांतील कापसाच्या क्षेत्राचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्याच बियाण्याखालीं आहे. म्हणजे खरा सेंद्रिय कापूस हा थोड्या शेतकऱ्यांनीं, निराळें बीं मिळवून, शेजारच्या शेतापासून जपून काढलेला माल असतो. सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालीं त्या शेताची तपासणी होते, आणि नेहमींच्या शेतीपासून सेंद्रिय शेतीकडे वळतांना वार्षिक पिकासाठीं साधारण दोन वर्षें थांबावें लागतें. असा माल महाग असल्यास नवल नाहीं.

मग या महागाईचा लाभ कोणाला? येथें स्पष्ट बोललें पाहिजे. कापूस चादरीपर्यंत पोंचतो तेव्हां तो उकळणें, विरंजन करणें, धुणें अशा अनेक क्रियांतून गेलेला असतो, आणि शेतांतील औषधाचा फारच थोडा अंश शेवटच्या कापडांत उरतो. गादींत भरण्याचा कापूस सहसा धुतला जात नाहीं, तेव्हां तेथें थोडा फरक आहे. परंतु सेंद्रिय शेतीचा पहिला लाभ निजणाऱ्याला नसून पिकविणाऱ्याला आहे. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों माणसें इस्पितळांत दाखल झालीं. त्या माणसांच्या पाठीवर फवारणीचा पंप होता, नाकातोंडाला धड फडकेंही नव्हतें. सेंद्रिय कापसाला जास्त दाम मोजावे ते या कारणासाठीं मोजावे, आणि तें कारण माझ्या मतें पुरेसें आहे. मात्र ‘हा कापूस सेंद्रिय आहे, म्हणून ही गादी माझ्या बाळाला निर्धोक आहे’ हें अनुमान त्यांतून निघत नाहीं. सेंद्रिय कापसाच्या कापडालाही पुढें कारखान्यांत वाईट रंग देतां येतो.

हीच उणीव भरून काढण्यासाठीं जागतिक सेंद्रिय वस्त्र-मानक निघालें. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला जी.ओ.टी.एस. म्हणतात. हिरव्या वर्तुळांत पांढरा सदरा, असें त्याचें चिन्ह आहे. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका व जपान येथील चार संस्थांनीं मिळून तें उभें केलें. यांत शेतापासून तयार मालापर्यंतची प्रत्येक पायरी तपासली जाते: सरकी काढणारा, सूत काढणारा, विणणारा, रंगविणारा, शिवणारा, प्रत्येकापाशीं प्रमाणपत्र पाहिजे. कोणतीं रसायनें वापरावयाचीं नाहींत याची यादी असते, रंगशाळेंतील सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था असावी लागते, आणि बालमजुरीला मनाई आहे. नुसतें ‘सेंद्रिय’ असें लिहिण्यासाठीं निदान ९५ टक्के तंतु प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. ७० टक्के असल्यास ‘इतके टक्के सेंद्रिय तंतूंनीं बनविलेलें’ असें आंकड्यासह लिहावें लागतें. खऱ्या चिठ्ठीवर चिन्हाबरोबर ही प्रत, तपासणाऱ्या संस्थेचें नांव आणि परवाना क्रमांक असतो. क्रमांक नसलेला हिरवा सदरा हें नुसतें चित्र होय.

याच्याच शेजारीं दुसरें एक चिन्ह दिसतें, तें ओ.सी.एस. म्हणजे सेंद्रिय-अंश मानकाचें. नांवांत ‘सेंद्रिय’ आहे, प्रमाणपत्रही खरें असतें. परंतु तें फक्त मालांत सेंद्रिय तंतु किती आहे एवढेंच मोजतें. रंग, रसायनें, सांडपाणी, मजूर यांविषयीं तें कांहींही बोलत नाहीं. आणि त्यांतील ‘मिश्र’ प्रकारांत सेंद्रिय तंतूचें प्रमाण ५ टक्के असलें तरी चालतें. पांच टक्के! शंभर धाग्यांत पांच.

आमच्या कल्याणच्या गादीवरील दुसरा शिक्का नेमका हाच निघाला, आणि तोही खोळीपुरता. पहिला शिक्का म्हणजे एक हिरवें पान होतें. त्याखालीं ना संस्था, ना क्रमांक. गादीच्या आंत होता पॉलियुरेथेनचा फोम. हा फोम खनिज तेलापासून निघालेल्या द्रव्यांचा बनतो; तो चांगला असूं शकेल, टिकाऊ असूं शकेल, परंतु शेतांतल्या अर्थानें तो सेंद्रिय कधींच होऊं शकत नाहीं. सूनबाई क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे गुरुजी, वरचे अडीच हजार रुपये खोळींतल्या पांच धाग्यांचे?” दुकानदारालाच हंसूं आलें. त्यानें माल घाऊक व्यापाऱ्याकडून घेतला होता आणि शिक्के त्यानेंही कधीं वाचले नव्हते.

तिसरा शिक्का ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चा होता. हा सर्वांत अधिक आढळतो आणि सर्वांत अधिक चुकीचा वाचला जातो. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील वस्त्रसंशोधन संस्थांनीं १९९२ सालीं तो सुरू केला. तो कापूस कोठें व कसा पिकला हें विचारीत नाहीं. समोर आलेला तयार माल, मग तो कापसाचा असो कीं पॉलिएस्टरचा, प्रयोगशाळेंत तपासून त्यांत शरीराला अपायकारक द्रव्यें ठराविक मर्यादेच्या आंत आहेत ना, एवढें पाहतो. चादरीला सुरकुत्या पडूं नयेत म्हणून जो संस्कार देतात त्यांत फॉर्माल्डिहाइड येऊं शकतें. त्यानें डोळे चुरचुरतात आणि नाजूक त्वचेला खाज सुटते. कांहीं अॅझो रंगांतून कर्करोगाला कारण होणारीं द्रव्यें सुटतात. जर्मनीनें अशा रंगांवर १९९४ सालीं निर्बंध घातले आणि भारत सरकारनेंही १९९७ सालीं अशा अनेक रंगांच्या वापरास बंदी केली. हीं द्रव्यें, शिवाय शिसें, कॅडमियम इत्यादि धातू, या तपासणींत मोजतात.

या शिक्क्याचे चार वर्ग आहेत, आणि तिकडे लक्ष देणारें गिऱ्हाईक मला अद्याप भेटावयाचें आहे. पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंचा. मूल चादर तोंडांत घालतें हें गृहीत धरून त्याच्या मर्यादा सर्वांत कडक ठेविल्या आहेत. दुसरा वर्ग अंगाला लागणाऱ्या कापडाचा, तिसरा अंगाला प्रत्यक्ष न लागणाऱ्याचा, चौथा पडदे वगैरे शोभेच्या सामानाचा. फॉर्माल्डिहाइडचेंच उदाहरण घ्या. दुसऱ्या वर्गांत एका किलोग्रॅममागें ७५ मिलिग्रॅमपर्यंत तें चालतें. पहिल्या वर्गांत तें तपासणींत आढळतां कामा नये. प्रमाणपत्र एका वर्षापुरतें असतें, आणि चिठ्ठीवरील क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर घातला म्हणजे तें कोणाला, कोणत्या मालासाठीं, कोणत्या वर्गांत आणि कोठपर्यंत दिलें आहे हें लागलेंच दिसतें. याच संस्थेनें २०२३ पासून सेंद्रिय कापसासाठीं निराळें चिन्ह काढलें आहे. यावरूनच मूळचें चिन्ह सेंद्रियपणाचें नव्हे हें उघड होतें.

सूनबाईनें दुकानांत उभ्या उभ्या मोबाइलवर क्रमांक घातला. प्रमाणपत्र बनावट नव्हतें. तें एका कापड गिरणीचें होतें, विणलेल्या सुती कापडापुरतें होतें, दुसऱ्या वर्गाचें होतें, आणि त्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. पाळण्यांतल्या बाळाच्या गादीला पहिला वर्ग पाहिजे. शिक्का खरा, आणि तरीही आमच्या कामाचा नाहीं, असा हा प्रकार.

आतां एक गोष्ट डोंबिवलीकरांसाठीं मुद्दाम सांगतों. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत कापड रंगविण्याचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. तेथें २०१४ च्या जानेवारींत हिरवा पाऊस पडल्याची बातमी सर्वत्र झाली, आणि २०२० च्या फेब्रुवारींत रासायनिक रंगानें तेथील एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हां राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं स्वतः येऊन तो पाहिला. कापडाला दिलेला रंग सगळाच कापडावर बसत नाहीं. उरलेला पाण्याबरोबर वाहून जातो, आणि शुद्ध न करतां सोडला तर नाल्यांतून खाडींत पोंचतो. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चा शिक्का चादर तपासतो. ती रंगविणाऱ्या कारखान्याचा नाला तपासत नाहीं. चादर अगदीं निर्धोक असेल आणि ती धुतलेलें पाणी मात्र कोणाच्या तरी दारावरून गुलाबी होऊन गेलें असेल. नाल्याचाही विचार करणारा शिक्का पाहिजे असेल तर जी.ओ.टी.एस. पाहावा. भिवंडीचे यंत्रमाग आपल्याच जिल्ह्यांत आहेत. रंगशाळेची गोष्ट आपल्या दृष्टीनें परक्या गांवची नाहीं.

चौथा शिक्का फोमचा, सर्टिपूर-यू.एस. या नांवाचा. अमेरिकेंत २००८ सालीं हा कार्यक्रम सुरू झाला. फोम बनवितांना पारा, शिसें, फॉर्माल्डिहाइड, कांहीं अपायकारक अग्निरोधक द्रव्यें व नरमपणा आणणारीं बंदी असलेलीं द्रव्यें वापरलीं नाहींत, आणि त्यांतून खोलीच्या हवेंत सुटणाऱ्या बाष्पांचें प्रमाण दशलक्षांत अर्ध्या भागाहून कमी आहे, असें तो सांगतो. नव्या फोमच्या गादीला जो उग्र वास येतो तो या बाष्पांचा. हा शिक्का उपयोगी आहे यांत शंका नाहीं. पण तो फोमचा आहे, संपूर्ण गादीचा नव्हे. खोळ, चिकटविण्याचा गोंद, शिलाई यांविषयीं तो बोलत नाहीं.

रबराच्या गाद्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. ‘लॅटेक्स’ म्हटलें म्हणजे तें झाडाच्या चिकाचेंच असतें असें नाहीं. कारखान्यांत बनविलेलें कृत्रिम लॅटेक्स त्यांत पुष्कळदा मिसळतात. चिकासाठीं निराळें सेंद्रिय मानक आहे, जी.ओ.एल.एस., आणि त्यांत ९५ टक्के सेंद्रिय चीक लागतो. काथ्याच्या गादीचेंही तसेंच. काथ्या नारळाचा खरा, पण तो गादीसाठीं रबराच्या द्रवानें बांधून, तापवून पक्का केलेला असतो, आणि पुष्कळ गाद्यांत वर फोमचा थर असतो. ‘नैसर्गिक काथ्या’ हे शब्द मधल्या थरापुरते खरे असतात.

आपल्या देशाच्या आय.एस.आय. चिन्हाविषयीं मात्र नेहमीं अपुरें बोललें जातें. घरगुती गादीच्या फोमसाठीं भारतीय मानक ७९३३ आहे आणि रबरी काथ्याच्या पत्र्यांसाठीं ८३९१. फोम किती घट्ट आहे, पुनःपुन्हां दाबल्यावर तो किती बसतो, अशा गोष्टी हीं मानकें पाहतात. तें सेंद्रियपणाचें प्रमाणपत्र नव्हे, पण दोन वर्षांत मधोमध खड्डा पडणारी गादी टाळावयाची असेल तर याच चिन्हाचा उपयोग अधिक. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खालीं परवान्याचा क्रमांक असतो, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील सोयींत तो पडताळून पाहतां येतो. दुसऱ्या टोकाला ‘जैविक भारत’ हें चिन्ह आहे. तें खाद्यपदार्थांसाठीं आहे. गादीवर दिसलें तर विक्रेत्याला गादी शिजवून खावयाची काय, असें विचारण्यास हरकत नाहीं! सोलापुरी चादरीला मिळालेली भौगोलिक नोंदही निराळीच. ती चादर सोलापूरची आहे एवढेंच ती सांगते, आणि तेवढें सांगणें हेंच तिचें काम.

शिक्का देणारा कोण, हा प्रश्न मीं मुद्दाम मागें ठेवला होता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें २०१३ सालीं तीन गादी-कंपन्यांवर कारवाई केली. ‘आमच्या गादींतून बाष्पें सुटत नाहींत’, ‘वास येत नाहीं’ अशा जाहिराती त्यांनीं पुराव्यावांचून केल्या होत्या. त्यांपैकीं कॅलिफोर्नियांतील एका कंपनीनें तर सेंद्रिय गादी-उद्योगाच्या राष्ट्रीय संघाचा शिक्का आपल्या मालावर मिरविला होता, आणि आयोगाच्या म्हणण्याप्रमाणें तो संघ म्हणजे ती कंपनी स्वतःच होती. आपणच परीक्षा घ्यावयाची, आपणच पहिला क्रमांक द्यावयाचा! २०१७ सालीं त्याच आयोगानें लहान मुलांच्या गाद्या विकणाऱ्या एका कंपनीला पकडलें; तिच्या ‘सेंद्रिय’ गाद्यांत बव्हंशीं पॉलियुरेथेन निघालें, आणि ‘हरित सुरक्षा’ असा अर्थ सुचविणारी तिची ढाल तिनेंच काढलेली होती.

यावरून हीं पापें परदेशांतच होतात असें कोणी समजूं नये. २०२० च्या आक्टोबरांत जी.ओ.टी.एस. संस्थेनें स्वतःच जाहीर केलें कीं भारतांतील सेंद्रिय कापसाच्या व्यवहारांत बनावट कागदपत्रें वापरलीं गेलीं. सुमारें २०,००० टन कापसाचा हा मामला होता, आणि अकरा कंपन्यांना त्यांनीं बाहेर काढलें. साध्या कापसाला सेंद्रियाचा कागद जोडला कीं भाव वाढतो, आणि कापूस तर दिसावयास दोन्हीकडे सारखाच. कोणी म्हणेल, मग या शिक्क्यावर तरी विश्वास कां ठेवावा? माझें उत्तर असें कीं ज्या संस्थेनें आपल्याच घरांतली चोरी पकडून जगाला सांगितली तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवतों. हिरव्या पानाच्या चित्राला चोरी पकडण्याचा प्रसंगच येत नाहीं, कारण तें कांहीं वचनच देत नाहीं.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें, आणि त्यानें १५ आक्टोबर २०२४ रोजीं पर्यावरणाच्या नांवाखालीं होणाऱ्या फसव्या दाव्यांविषयीं मार्गदर्शक नियम काढले. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘हरित’ असे मोघम शब्द खुलाशावांचून व पुराव्यावांचून वापरूं नयेत, असा त्यांचा आशय आहे. तेव्हां दुकानदाराला ‘हें पान कशाचें?’ असें विचारणें हा आगाऊपणा नसून तो आपला अधिकार आहे. बिलावर ‘सेंद्रिय’ हा शब्द व प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून मागावा. जो लिहून देतो त्याचा माल बहुधा खरा असतो, आणि जो चाचरतो त्याचेंही उत्तर आपल्याला मिळालेलेंच असतें. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनि क्रमांक १९१५ आहे. ठाण्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत सल्ला देते.

आमच्या सूनबाईनें शेवटीं त्या दुकानांतून दोन्हींपैकीं कोणतीच गादी घेतली नाहीं. तिनें पहिल्या वर्गाचा, चालू मुदतीचा क्रमांक असलेल्या दोन सुती चादरी दुसरीकडून मागविल्या, आणि पातळ, घट्ट अशी साधी कापसाची गादी ओळखीच्या गादीवाल्याकडून भरून घेतली. तान्ह्या बाळाला मऊ, खोल गादी व मोठी उशी देऊं नये, त्यांत श्वास कोंडण्याची भीति असते, असें डॉक्टर सांगतात. आणि ही गोष्ट वर सांगितलेला कोणताच शिक्का सांगत नाहीं. तसेंच आपल्या कोंकणपट्टींतील ओलीचें. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्याच्या खाडीकांठच्या घरांत भिंतींना पाणी सुटतें. त्या दिवसांत पूर्ण प्रमाणित गादीलाही बुरशी येते आणि धुळींतले किडे तिच्यांत सुखानें नांदतात. दम्याच्या रोग्याला यांपासून होणारा त्रास रंगांतल्या रसायनाहून बहुधा मोठा असतो. त्याला उपाय उन्हाचा: उघडीप मिळतांच गादी उभी करून दोन्ही बाजूंनीं तापवावी, आणि अभ्रे व चादरी साठ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यांत धुवाव्या. नवी फोमची गादी आणली असेल तर वेष्टन काढून, खिडक्या उघड्या ठेवून, तिला दोन-तीन दिवस वारा द्यावा आणि मगच तिच्यावर निजावें.

राहतां राहिला गल्लींतला गादीवाला. त्याच्यापाशीं कसलाही शिक्का नाहीं, आणि शिक्क्याचा खर्च त्याला पेलणाराही नाहीं. परंतु त्याची गादी अजून आपल्यासमोर भरली जाते, हा त्याचा मोठा गुण आहे. त्याच्याकडे पाहावयाचें तें हें: भरण कोरा कापूस आहे, कीं शिवणकामाच्या रंगीत चिंध्या कुटून केलेला लगदा आहे, कीं पॉलिएस्टर मिसळलेला आहे? लगदा रंगावरून ओळखूं येतो. करडा, मध्यें मध्यें निळे-तांबडे तंतु असलेला. पॉलिएस्टर ओळखण्यासाठीं भरणाची एक चिमूट घेऊन, गादीपासून दूर, मोकळ्या जागीं, चिमट्यांत धरून पेटवावी. कापूस कागदासारखा जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनीं चुरगळणारी मऊ राख उरते. पॉलिएस्टर आकसून वितळतें, काळा धूर देतें, आणि निवल्यावर त्याचा कठीण मणी होतो. मणी झाला तर गादीवाल्याला तो दाखवावा आणि भाव पुन्हां विचारावा.